कुसुमापासून पांढऱ्या धोंड्यापर्यंत

जंगल कोणाच्याही मालकीचं नसतं, ते समस्त जीवसृष्टीचं असतं. कळंबीच्या पाड्याला हे सत्य एक मार्चच्या सकाळी कळलं, कारण त्या दिवशी ते हिरव्या पत्र्यावर पिवळ्या अक्षरांत रंगून रानाच्या तोंडाशी उभं राहिलं. त्याच पत्र्यावर जरा खाली, समस्त जीवसृष्टीने आत शिरण्याची वेळ, माणशी फी आणि गाडी लावायचे वेगळे पैसे दिले होते. त्याच्याही खाली लाल रंगात होतं: ‘या फलकापासून पुढे पालापाचोळा उचलण्यास सक्त मनाई.’

मंगळीला वाचता येत नव्हतं. डोक्यावर बांबूचा मोठा हारा आणि काखेत खराटा घेऊन ती पाला गोळा करायलाच निघाली होती. अंगणवाडीच्या बाई समोरून येत होत्या, त्यांना थांबवून तिने पत्रा वाचून घेतला. मालकी, जीवसृष्टी वगैरे तिने निमूट ऐकलं. लाल ओळ आली तेव्हा म्हणाली, "परत वाचा."

बाईंनी परत वाचली.

"आनि न्हाय ऐकला तर?"

"दंड."

मंगळीने पत्र्याकडे पाहिलं, मग त्याच्या दोन खांबांकडे. खांब पक्के गाडलेले होते. खड्ड्यात दगड ठासून, वर माती चोपून, कोणी बैल बांधला तरी हलू नयेत असे. हे काम तिच्या ओळखीचं होतं. आदल्या दिवशी तिचा नवरा चिंतू दिवसभर पहार मारून घरी आला होता आणि कसले खड्डे असं विचारल्यावर "शेटचं काम होतं" एवढंच बोलून ताटावर बसला होता.

ज्यांचा तांदूळ पिशवीतून येतो त्यांच्यासाठी हे सांगायला हवं, की मंगळीला पाला राबासाठी हवा होता. भाताचं बी टाकायचं त्या तुकड्यात आधी शेण पसरायचं, त्यावर पाला, पाल्यावर गवत, गवतावर बारीक माती. आणि मग वाऱ्याच्या उलट अंगाने काडी लावायची, म्हणजे आग पळत सुटत नाही, बसून जळते. जमीन भाजली की तण मरतं आणि रोप जोमाने उठतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही, आणि मग वर्षभर रेशनच्या रांगेत उभं राहून अंगठा यंत्रावर उमटतो का ते बघत बसायचं.

हा पाला वाटेल तिथून उचलायचा नसतो. पाड्यात नऊ घरं, म्हणून रानाचे नऊ तुकडे. मंगळीच्या घराचा तुकडा कुसुमाच्या झाडापासून पांढऱ्या धोंड्यापर्यंत. ही हद्द कुठल्याही कागदावर नव्हती, त्यामुळे तिच्यावरून कधी कोर्टकचेरी झाली नव्हती. दुसऱ्याच्या तुकड्यातलं पान वाऱ्याने आपल्यात आलं तर ते आपलं. पाय टाकून आणलं तर चोरी. मंगळीच्या सासूचं आणि शेजारणीचं एका हाऱ्यावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. शेजारीण मेली तेव्हा सासू रडली खरी, पण रडतानाही हद्द सांगून रडली.

आणि तुकडा होता नामी. सागाचं पान दिसायला परातीएवढं, पण राबात कागदासारखं भुर्रकन जातं. मंगळीच्या उतारावर साग थोडा आणि ऐन, बोंडारा जास्त. ऐनाचं पान जाड, सावकाश जळणारं. फेब्रुवारीत पानगळ सुरू झाली की घोट्याएवढा थर बसायचा. त्या एक मार्चला तो तसाच बसला होता, पत्र्याच्या पुढे.

पत्रा वडप्याच्या मितेशचा होता. मितेशच्या आज्याची भातखाचरं होती तिथे आता मितेशची सात गोदामं होती. गोदामांत भाड्याने राहणाऱ्या मोठ्या कंपन्यांना वर्षातून एकदा निसर्गासाठी काही केल्याचं दाखवावं लागतं, आणि तो निसर्ग जवळ असावा लागतो, पार्किंगसकट. म्हणून मितेशने ‘पानगळ ट्रेल’ काढला. रविवारी सकाळी पायी फिरायचं, पक्षी बघायचे, नंतर पिठलं-भाकरी. जंगलाच्या समितीने तसा ठरावही केला. चिंतू त्या समितीचा सदस्य होता. त्याला सही येत होती, आणि आयुष्यात एवढी महाग पडलेली विद्या त्याच्याकडे दुसरी नव्हती.

मंगळी दुसऱ्याच दिवशी वडप्याला गेली.

"काय मंगळे, इकडे कुठे?" मितेश म्हणाला. तो वयाने तिच्या पोरांबरोबरचा होता.

"माझा पाला."

"तुझा कसा? वाचलं नाहीस का, जंगल कोणाचं नसतं."

"मग आत जायला पैसे कोनाचे घेतोस?"

मितेश हसला. तो मनाने वाईट नव्हता. फक्त त्याला उत्तर द्यावं लागत नव्हतं. "अगं, पाल्यात किडे राहतात, पक्षी अंडी घालतात. तुम्ही सगळं खरवडून नेता."

"रातवा घालतो. त्याच्याभवती सुपाएवढा पाला आमी सोडतो. माझी सासू सोडायची. तुझी आजी पन सोडायची, आमच्याकडं पाला मागायला यायची तवा."

आजी मागायला यायची हे मितेशला आवडलं नाही. "आणि तो राब. धूर किती होतो माहितीय? प्रदूषण!" हे त्याला ओरडून म्हणावं लागलं, कारण खिडकीखाली एक चौदा चाकी ट्रक तासभर इंजिन चालू ठेवून उभा होता. "तयार रोपं मिळतात हल्ली, ट्रेमध्ये. एक जण आहे ओळखीचा."

"मना ट्रे नको. पाला पायजे."

"मे संपेपर्यंत नाही. जूनमध्ये ने, हवा तेवढा ने. मी स्वतः सांगतो वॉचमनला."

जूनमधला पाला म्हणजे वरातीमागून आलेलं घोडं, तेही भिजलेलं. मंगळी उठली. जिन्यात तिला चिंतू दिसला. तो तिथेच लोडिंगला होता, पण त्या क्षणी हातात खोका नव्हता. डोक्यावर नवी खाकी टोपी होती आणि मितेशचा माणूस त्याचा फोटो काढत होता. टोपीवर ‘वनमित्र’ लिहिलं होतं.

घरी आल्यावर तिने विचारलं, "सही करताना इचारायचं तरी."

"इचारला. ते बोल्ले, जंगल वाचवायचं हाय. मी बोल्लो, वाचवा."

"आनि राब?"

"काय काय वाचून दावत होते. लय मोठा कागद होता गं."

"तू काय ऐकलास?"

"च्या आला होता," चिंतू म्हणाला.

मंगळीने त्याला वाढलं, पण त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. बोलण्याची वेळच आली तर ती टोपीशी बोलायची. टोपी खुंटीला असली तर खुंटीशी. "टोपीला सांगा, सरपान संपलंय." चिंतू सरपण आणायचा.

रविवार सुरू झाले. ठाण्याहून, मुंबईहून गाड्या येत. पुढे क्षितिजा असायची. ही ठाण्याची, निसर्गाचा रीतसर अभ्यास केलेली, मनापासून काम करणारी मुलगी. तिचा आवाज इतका हळू होता की मागच्या माणसांना पुढची माणसं ती काय म्हणाली ते मोठ्याने सांगत. "हे पानगळीचं जंगल. झाडं पाणी वाचवण्यासाठी पानं टाकतात. टाकलेलं काहीच वाया जात नाही. बूट जरा दाबून टाका आणि पायाखालचा आवाज ऐका." मग चाळीस माणसं बूट दाबून टाकत आणि ऐकत.

शेवटी चिंतू. त्याच्याकडे वन्यप्राणी दिले होते.

"काका, बिबट्या दिसेल का हो?"

चिंतू गप्प. रानात त्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की आपल्याला बोलावलं असं त्याला वाटतं. मितेशने पढवलं होतं, ‘आत्ताच गेला असं सांग.’ पण वाघोबा देव, देवाबद्दल खोटं कसं बोलायचं म्हणून चिंतू तेही सांगत नसे, नुसता झाडीकडे बघत राही. पाहुणे त्यानेच जास्त घाबरत आणि फी वसूल झाली म्हणत. पुरावा म्हणून एक विष्ठा होती, फेब्रुवारीतली. सोमवार ते शनिवार ती टोपलीखाली झाकलेली असे; रविवारी पहाटे चिंतू जाऊन टोपली काढी.

मंगळी पांढऱ्या धोंड्यावर बसून हे सगळं बघत असे. ऐनाचं पान बुटाखाली आलं की आधी वाजतं, मग मोडतं, मग त्याचं पीठ होतं. पिठाचा राब होत नाही. उचलायला मनाई होती, तुडवायला नव्हती. पत्र्यावर तुडवण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तिने अंगणवाडीच्या बाईंकडून त्यासाठी तो तिसऱ्यांदा वाचून घेतला होता. बाकीच्या आठ घरांच्या तुकड्यांना ट्रेल लागत नव्हता. त्यांच्या राबाच्या जागी पाल्याचे ढीग उभे राहिले. मंगळीच्या खाचरात शेण वाळून खडखडीत झालं होतं आणि कडेला गवताचे भारे होते. मधला थर रानात होता आणि त्याचं पीठ होत होतं.

शेजारणीची सून एकदा म्हणाली, "आत्ये, आमच्यातला न्या दोन हारे."

"तुझी सासू वरून बघते," मंगळी म्हणाली. "अकरा वर्सं फुकट जातील तिची."

मार्चअखेर ती एकदा उजाडता उजाडता आत शिरली. हारा अर्धा भरला तेवढ्यात मितेशच्या वॉचमनने धरलं. पाला त्याने तिथेच ओतायला लावला आणि हारा जप्त केला. पुढच्या रविवारी तो हारा पाहुण्यांच्या शेडमध्ये भिंतीला टांगलेला होता. खाली छापील चिठ्ठी होती: ‘पाला वाहून नेण्याची पारंपरिक टोपली. आदिवासी जीवन निसर्गाशी एकरूप असते.’ बाया त्याच्याशेजारी उभ्या राहून फोटो काढत. हाऱ्याची कड मंगळीच्या डोक्याच्या मापाने बसलेली होती, ते फोटोत येत नव्हतं.

एप्रिलमध्ये बराच पाला वाऱ्याने नेला. उरला तो बुटांनी. मे लागला तेव्हा कुसुमापासून पांढऱ्या धोंड्यापर्यंत जमीन शेणाने सारवल्यासारखी साफ झाली होती, आणि नेमका तेव्हाच मोठा रविवार ठरला. भाडेकरू कंपन्यांची माणसं येणार, वनखात्याचे साहेब येणार, ड्रोन येणार. बोलावण्यावर क्षितिजाने लिहिलं होतं, ‘गळलेल्या पानांच्या गालिच्यावरून एक सकाळ.’ गालिचा राहिला नाही, हे तिने मितेशला कळवलं. मितेश म्हणाला, "मॅडम, मटेरियलचं टेन्शन तुम्ही घेऊ नका."

शुक्रवारी संध्याकाळी चिंतू खुंटीजवळ उभा राहून म्हणाला, "उद्या काम हाय. बायांना. दिवसाची मजुरी."

"टोपीला इचारा, कसलं काम."

"पाला टाकायचा."

मंगळी दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघून बोलली. "कुठं?"

"आपल्या तुकड्यात," चिंतू म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

शनिवारी सकाळी ट्रक आला. कशेळीकडच्या कुठल्याशा मोठ्या सोसायटीच्या बागेतला कचरा, काळ्या पिशव्यांत बांधून. वर्षा वृक्षाची पानं, अशोकाची पानं, बदामाची पानं, आणि त्यांच्यात चॉकलेटचे कागद, वाढदिवसाच्या मेणबत्त्या, एक टेनिसचा चेंडू. अशोकाचं झाड या रानात औषधाला नव्हतं. बायांनी पिशव्या फोडून पाला पसरायला सुरुवात केली. ज्या जागेवरून पाला उचलला तर दंड, त्याच जागेवर पाला टाकण्याची मंगळीला मजुरी मिळत होती. तिने काम चोख केलं. राग आला की तिचा हात जास्तच चोख चालतो.

उताराच्या मध्यावर, काकडाच्या झाडाखाली, तिने सुपाएवढी जागा सोडली आणि पुढे सरकली. मागून मितेश बघत येत होता.

"इथे का गॅप सोडला?"

"रातवा बसलाय."

"कुठे?"

"तिथं."

मितेशने निरखून पाहिलं. उरलीसुरली जुनी पानं होती, मातीच्या रंगाची. पक्षी दिसत नव्हता. रातवा दिसत नाही. दिवसभर तेवढंच त्याचं काम असतं. "काही नाहीये. ड्रोनमध्ये टक्कल दिसेल ते." असं म्हणून त्याने शेजारची पिशवी उचलली आणि उपडी केली.

पाल्यातून एक पान फडफडून उठलं, त्याला पंख फुटले आणि ते झाडीत गेलं. मंगळी गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी तो सोसायटीचा पाला बाजूला काढू लागली. खाली दोन अंडी होती. एकाला तडा गेला होता. ती ओंजळीने पाला उचलून लांब टाकत होती.

"ए मंगळे," मितेश वरून म्हणाला, "पाला उचलायला मनाई आहे ना इथे?"

गंमत म्हणून म्हणाला तो. बायाही हसल्या, मजुरी संध्याकाळी मिळायची होती. मंगळी हसली नाही. सुपाएवढी जागा तिने परत मोकळी केली, उठली आणि उरलेल्या पिशव्या पसरून संपवल्या. संध्याकाळी तिने चिंतूला "जेवा" म्हटलं. टोपीला नव्हे, चिंतूला. चिंतूला रात्रभर झोप लागली नाही.

रविवारी सगळं झकास होतं. ड्रोन वर गेलं. साहेब आले. पोट पुढे, बोलणं कमी, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. कंपनीच्या माणसांनी एकसारखे हिरवे टी-शर्ट घातले होते. पत्र्यापासून फेरी निघाली आणि कुसुमाखाली क्षितिजा थांबली. तिचा चेहरा उतरलेला होता. खाली कसली पानं आहेत ते तिला कळत होतं. पण माणसं जमली होती. "हा थर," ती म्हणाली, "वर्षानुवर्षं साचत आलेला असतो."

"हे काय आहे?" एका बाईने विचारलं. तिच्या चिमटीत गुलाबी मेणबत्ती होती, सातच्या आकड्याची.

क्षितिजाने मेणबत्तीकडे हात केला तेवढ्यात पुढच्या वळणावरून आवाज आला. खर्र, खर्र. मंगळी वाट झाडत होती. लुगडं वर खोचलेलं, हातात खराटा, शेजारी तिचा हारा. तो तिने पहाटे शेडच्या भिंतीवरून काढला होता. चिठ्ठी अजून त्याला लटकत होती. झाडत झाडत ती सरळ पाहुण्यांच्या अंगावर येत होती आणि मागे जमीन साफ होत होती.

"वाव, लाइव्ह डेमो!" टी-शर्टांपैकी एक जण म्हणाला, आणि सगळ्यांनी फोन काढले.

मितेश पुढे धावला. "मंगळीताई, हे काय चाललंय?"

"काल मंगळे होती. आज ताई झाली."

"बाजूला व्हा ना. पाहुणे आहेत."

"तू बाजूला हो. तुझ्या बुटाखाली माझं रोप हाय."

"ताई, प्लीज..."

"नऊ रविवार!" मंगळी खराटा उगारून म्हणाली, आणि तिचा आवाज मागच्या माणसालाही पुढच्याला न विचारता ऐकू गेला. "नऊ रविवार तुमी माझा राब तुडवलात. कुरुम कुरुम, ऐका ऐका! काय ऐकलात? उचलला तर दंड, तुडवला तर फोटो! माझा हारा भित्तीला टांगलात. सोसायटीचा कचरा माझ्या हातानं माझ्या रानात टाकून घेतलात. रातव्यावर पिशवी वतली या माणसानं, रातव्यावर! वाघोबा बघत न्हाय असं वाटतं का तुला? आनि हिथं येऊन जंगल वाचवताय? आवो, जंगल तुमच्यापासून कोन वाचवील?"

 मग एका टी-शर्टाने टाळी वाजवली आणि दुसऱ्याने त्याचा हात धरला.

मितेशचा चेहरा लाल झाला होता. "सर," तो साहेबांकडे वळून म्हणाला, "तुमच्या डोळ्यांसमोर आहे. बोर्ड लावलेला आहे, ठराव झालेला आहे. नोंदवा गुन्हा. एकदा होऊनच जाऊ दे."

साहेबांना रविवारी गुन्हा नको होता. पण चाळीस फोन त्यांच्याकडे वळलेले होते. त्यांनी चष्मा लावला, मोबाइलवर नकाशा उघडला, कारण गुन्ह्यात जागा लिहावी लागते. नकाशा इकडे फिरवला, तिकडे फिरवला. मग पत्र्याच्या दिशेने पाहिलं.

"आपण ओढा कुठे ओलांडला?"

"ओढा?" मितेश म्हणाला.

"ट्रेल ओढ्याच्या पलीकडे आहे ना. ठराव माझ्याकडून गेलाय. ओढा ओलांडून कातळाच्या कडेने, असं आहे त्यात. आपण ओलांडलाच नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. पत्र्याच्या पलीकडे पंधरा पावलांवर गोट्यांची एक कोरडी घळ होती. मेमध्ये तिला ओढा म्हणायला बराच विश्वास लागतो.

"ही बाजू पाड्याच्या वापराची," साहेब म्हणाले. "राबाचा पाला, सुकं जळण. नोंद आहे. राबाला अडचण नको म्हणूनच तर कातळाची बाजू दिली आपण. मीटिंगमध्ये वाचून दाखवलं होतं मी."

"म्हणजे आपण नऊ रविवार..." क्षितिजा म्हणाली.

"दुसरीकडेच फिरलात," साहेब म्हणाले आणि चष्मा काढून खिशात ठेवला. गुन्हा टळल्याचं समाधान त्यांना लपवता आलं नाही.

"मग पलीकडे जाऊ या की," मेणबत्तीवाली बाई म्हणाली. पण पलीकडे नुसता काळा कातळ होता, उन्हाने तापलेला. त्यावर पान ठरत नाही.

"चिंत्या!" मितेश ओरडला. "बोर्ड कुठे लावायला सांगितला होता तुला?"

चिंतू सगळ्यांच्या शेवटी, विष्ठेवरची टोपली हातात धरून उभा होता. "तुमी बोल्ले, ओढ्यापल्याड लाव."

"मग?"

"तिथं कातळ हाय. पहार बसं ना. दोनदा मारली, हाताला झिणझिण्या आल्या. हिथं माती मऊ होती."

"मग सांगायचं ना मला!"

"सांगायला आलो होतो. तुमी फोनवर होते." चिंतूने थोडा विचार केला. "मग पेंटरचे पोरं आले, त्यांनी बोर्डापासून झाडांना पट्टे मारले. मना वाटलं, तुमीच बदलला असाल."

मितेशने मंगळीकडे पाहिलं नाही. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. क्षितिजा खाली बसून मेणबत्त्या आणि कागद वेचू लागली. माफी तिनेही मागितली नाही, पण कागद वेचले. टी-शर्ट हळूहळू पिठलं-भाकरीकडे निघाले.

मंगळी खराटा धरून उभी होती. दोन महिने तिने राग साठवला होता, पाल्यासारखा थरावर थर. मितेशसाठी, पत्र्यासाठी, बुटांसाठी, त्या भिंतीवरच्या चिठ्ठीसाठी. सगळा मिळून आता तो एका पहारीच्या टोकावर आला होता आणि ती पहार तिच्याच घरात, तिच्याच दाराआड उभी होती.

ती चिंतूजवळ गेली. त्याच्या डोक्यावरची टोपी काढली, हातातली टोपली घेऊन तिच्यात टाकली. भरलेला हारा उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"चल," ती म्हणाली. "आनि माझ्याशी बोलू नको."

दोघांनी संध्याकाळपर्यंत कुसुमापासून पांढऱ्या धोंड्यापर्यंत सगळा पाला वाहिला. रातव्याची सुपाएवढी जागा तेवढी सोडली. तो परत आला नव्हता. ऐन नव्हताच. राब अशोकाच्या आणि बदामाच्या पानांचा झाला, आणि भाजला तेव्हा त्याला प्लास्टिकचा वास होता. निम्म्या वाफ्यात रोप आलं, निम्म्यात तण. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात ड्रोनचा फोटो छापून आला. मंगळी त्यात नाही. ड्रोन खाली आल्यावर ती आली होती.

पावसाळ्यानंतर पत्रा पलीकडे हलवू, असं मितेश म्हणाला होता. पावसाळा गेला. पत्रा अजून ओढ्याच्या अलीकडेच आहे. पलीकडे कातळ आहे.